खड्ड्यातला हुंकार

करवतीच्या कामात एक माणूस वर असतो आणि एक खाली. खड्ड्यावर जाड वासे टाकायचे, त्यांच्यावर ओंडका चढवायचा, पाचरी मारून तो घट्ट बसवायचा, रंगात भिजवलेलं सूत ताणून ओळ मारायची. मग एकाने ओंडक्यावर पाय रोवून उभं राहायचं आणि दुसऱ्याने खड्ड्यात उतरायचं. वरचा करवत उचलतो आणि ओळ सांभाळतो. खालचा ओढतो, आणि लाकूड कापलं जातं ते त्याच्याच ओढीला. वरच्याला ऊन लागतं, खालच्यावर दिवसभर भुसा पडतो. डोळे अर्धे मिटून आणि तोंड घट्ट बंद ठेवून त्याला काम करावं लागतं, नाहीतर घशात लाकूड जातं आणि संध्याकाळपर्यंत खोकला थांबत नाही.

गावात या जोडीला गवई आणि भुसा म्हणत. खरी नावं होती, पण ती त्यांच्या बायकांनाही आठवावी लागली असती. वरचा तो गवई. आवाज खणखणीत आणि गाणं एकच. तो लहानपणी जेमतेम शाळेत गेला होता. पाढे विसरला, कविता विसरला, पण रोज सकाळी म्हणायची प्रार्थना तेवढी डोक्यात राहिली. तीच तो ओंडक्यावर उभा राहून म्हणायचा. अर्धी ओळ करवत वर घेताना, अर्धी खाली सोडताना. तिची चाल करवतीला अशी बसली होती की जणू कुणी त्यासाठीच रचली असावी. खड्ड्यातून भुसा मिटल्या तोंडाने हुंकार देत राहायचा. त्या तालावर दोघांचे हात चालत, आणि फळी नेटकी निघे.

भुशाचा देव वेगळा होता. त्याच्या लोकांची मोजकी घरं गावाच्या कडेला, ओढ्याच्या अलीकडे होती. कामात हा देव कधी आडवा आला नाही. जेवायला बसताना प्रत्येक जण हात धुऊन आपापलं काहीतरी पुटपुटायचा आणि दुसरा थांबायचा. तुझा देव फार वेळ खातो, तोवर माझी भूक मरते, असं गवई चेष्टेने म्हणायचा. भुसा हसायचा आणि आपल्या डब्यातलं थोडं त्याच्या डब्यात टाकायचा. मनात काही असेल तर ते भुसा बहुधा मनातच ठेवायचा. गवईला मात्र मनातलं तोंडात यायला क्षणही लागायचा नाही, आणि याचा त्याला अभिमान होता.

त्या वर्षी पाऊस लांबला आणि शाळा उघडल्या तरी ऊन तापतच राहिलं. गिरणीवाल्यांच्या नव्या कोठाराच्या दारांसाठी भला थोरला बुंधा आला होता. एवढा जाड, की शहरातल्या यंत्रावर तो बसेना. ओलं लाकूड उन्हात राहिलं की चिरतं, म्हणून दोघं उजाडताच कामाला लागायचे आणि करवत तापून धरवेनाशी होईपर्यंत थांबायचे नाहीत. अशाच एका दुपारी, बुंध्याच्या सावलीत बसून करवतीच्या दातांवर कानस फिरवता फिरवता भुशाने पोरीचा विषय काढला. त्याला तो काढायचा नव्हता हे उघड दिसत होतं. कानस थांबली, पुन्हा चालली, पुन्हा थांबली.

गोष्ट अशी होती. गावच्या सरकारी शाळेत जो वर्गात पहिला येईल त्याने वर्षभर पुढे उभं राहून प्रार्थना सांगायची, बाकीच्यांनी मागून म्हणायची, असा रिवाज होता. यंदा वरच्या वर्गात पहिली आली ती भुशाची मुलगी. हेडमास्तर भला माणूस. त्यांनी तिचं भरल्या शाळेत कौतुक केलं आणि उद्यापासून तू पुढे, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पोरगी पुढे गेली, उभी राहिली आणि गप्पच राहिली. मास्तरांना वाटलं, घाबरली. त्यांनी जवळ जाऊन हळूच विचारलं. ती म्हणाली, मागे उभी असते तेव्हा मी नुसते ओठ हलवते, सर. पुढे उभं राहून मला ते करता येणार नाही.

ती खरं बोलली एवढाच तिचा गुन्हा. एवढी वर्षं तिने ओठ हलवले ते कुणाला खुपलं नव्हतं. ते नुसतेच हलतात, असं तिने सांगितलं आणि गाव पेटलं. एकाने म्हटलं, आमच्या देवाचं नाव घ्यायला हिला लाज वाटते. दुसरा म्हणाला, शाळा सरकारची आहे, प्रार्थनाच काढून टाका. तिसरा म्हणाला, काढून बघाच. मास्तरांची पंचाईत झाली. पुढे कुणाला उभं करावं ते त्यांना सुचेना, म्हणून ते स्वतःच प्रार्थना सांगू लागले. आणि पोरीला, शाळा समितीची बैठक होईपर्यंत, प्रार्थनेच्या वेळी पाण्याच्या टाकीजवळ थांबायला सांगितलं.

गवईने सगळं ऐकून घेतलं आणि मांडीवर थाप मारली. समितीवर मी आहे ना, तू कशाला जिवाला घोर लावून घेतोस, असं म्हणाला. भुसा म्हणाला, "हे एक वर्ष निघू दे फक्त. पुढे तिला शहरातल्या वसतिगृहात घेणार आहेत, मास्तरांनी शब्द टाकलाय. आमच्यातले म्हणतात, काढ पोरीला शाळेतून. मी म्हणतो, वर्ष निघू दे." एका दमात एवढं बोलायची त्याला सवय नव्हती. बोलून झाल्यावर त्याने कानस पुसली आणि खड्ड्यात उतरला.

घरी गवईने हे बायकोला सांगितलं तेव्हा तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. तुम्ही बैठकीत जा, हात वर करायचा तेव्हा करा, पण तोंड उघडू नका, असं तिने बजावलं. गवईला राग आला. आपल्या बोलण्यानेच गावातली निम्मी भांडणं मिटतात अशी त्याची समजूत होती. ती अगदीच खोटी नव्हती. पण उरलेली निम्मी कशाने लागतात, हा हिशेब त्याने कधी मांडला नव्हता. त्यांची धाकटी भुशाच्या मुलीच्या वर्गात होती आणि दुसरी आली होती. ती अभ्यासाचं पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. बाबा, ती टाकीजवळ तोंड भिंतीकडे करून उभी राहते, असं ती म्हणाली. तोंड कुणी भिंतीकडे करायला सांगितलं, असं गवईने विचारलं. कुणीच नाही, धाकटी म्हणाली, लहान मुलं तिच्याकडे बघून हसतात म्हणून.

बैठकीच्या आदल्या दिवशी दोघं सकाळी फळ्यांची गाडी गिरणीकडे नेत होते. वाट शाळेवरून जाते. प्रार्थना चालू होती. कुंपणापलीकडे टाकीशी पोरगी उभी होती, वेणी घट्ट घातलेली, दप्तर पाठीला, कारण ते वर्गात ठेवायला तिला आत जाऊ दिलं नव्हतं. टाकीचा नळ गळत होता आणि तिच्या चपला चिखलात होत्या. भुशाने गाडीचा दांडा सोडला नाही की मान वळवली नाही. गवईने मागून गाडी रेटली. त्या दिवशी ओंडक्यावर उभं राहून त्याने प्रार्थना सुरू केली आणि पहिल्याच ओळीला त्याचा आवाज अडखळला. मग तो नुसताच हुं-हुं करत राहिला. करवत दोनदा ओळ सोडून गेली.

बैठक शाळेतच भरली. मोठी माणसं मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, त्यामुळे भांडायला आलेले लोकही जरा केविलवाणे दिसत होते. गिरणीवाले अध्यक्ष, ते खुर्चीवर. भुसा दाराजवळ उभा होता, अंगावर धुतलेला सदरा, पण कानाच्या पाळीमागे भुसा राहिलाच होता. त्याच्यामागे, उंबऱ्याबाहेर, त्याचा थोरला भाऊ आणि त्यांच्यातले दोघं म्हातारे. त्यांना कुणी आत या म्हटलं नाही आणि ते आपणहून आले नाहीत.

हेडमास्तरांनी शांतपणे मांडलं. प्रार्थना आहे तशी राहील. ज्या मुलाला म्हणायची नसेल त्याने रांगेतच उभं राहावं, गप्प राहावं. पुढे उभं राहायचा मान तेवढा दुसऱ्या मुलीला द्यावा. टाकीजवळ उभं करणं आपल्यालाच पटलं नव्हतं, असंही ते म्हणाले आणि खाली पाहिलं. थोडी कुरकुर झाली. यांना आमची शाळा हवी आणि आमची प्रार्थना नको, असं कुणीतरी म्हटलं. पण गिरणीवाल्यांना उशीर होत होता आणि रागावलेल्यांची गरमी ओसरत चालली होती. गिरणीवाले म्हणाले, मग असंच करू या. गोष्ट मिटल्यात जमा होती. अजून थोडा वेळ सगळे गप्प बसले असते तर मिटलीच असती.

पण गवईचं मन भरून आलं. जोडीदाराचा तो धुतलेला सदरा, दाराशी उभं राहणं, सगळं त्याला सहन होईना. या लोकांच्या मनातला किंतू मुळातून काढावा, हा माणूस परका नाही हे एकदाचं सांगून टाकावं, असं त्याला वाटलं. तो उठला. बाक त्याच्याबरोबर थोडा उचलला गेला आणि आपटला.

"अहो, कसली नको प्रार्थना," तो म्हणाला. "हा भुसा रोज माझ्याबरोबर म्हणतो. मी वरून सांगतो, हा खालून म्हणतो. एवढी वर्षं झाली. विचारा त्याला. यांच्या मनात काही वाकडं नाही हो."

लोक हसले. वाईट हसू नव्हतं ते, सुटल्यासारखं होतं. एकाने भुशाच्या पाठीवर थापही मारली. हसला नाही तो भुसा. उंबऱ्याबाहेरून त्याच्या थोरल्या भावाने विचारलं, "खरंय हे?"

भुशाचं तोंड उघडलं आणि मिटलं. नाही म्हणावं तर एवढ्या लोकांत जोडीदार खोटा पडत होता, तोही त्याच्याच बाजूने बोलायला उठलेला. हो म्हणावं तर पाठीमागे तिघं उभे होते. तो गप्प राहिला. आयुष्यभर गप्प राहिलेल्या माणसाच्या त्या वेळच्या गप्प राहण्याचा अर्थ मात्र सगळ्यांनी आपापल्या सोयीने काढला. भाऊ वळला आणि चालू लागला, म्हातारे त्याच्यामागे गेले. आतले म्हणाले, बाप म्हणतो मग पोरीला काय धाड भरली? हे देवाचं नाही, हा माज आहे. गिरणीवाल्यांनी घड्याळ पाहिलं आणि निकाल फिरवला. पोरगी रांगेत उभी राहील, सगळ्यांबरोबर म्हणेल, आणि तोंड हलतंय का ते गुरुजी बघतील. नसेल जमत तर तिने येऊ नये. मास्तर काही बोलायला गेले, पण त्यांचा आवाज बाक सरकवण्याच्या आवाजात गेला.

गवई मध्येच उभा होता. आपण काय केलं ते त्याला तेव्हा नीट कळलंही नाही. फक्त पायाखालची फळी निसटावी तसं झालं. बाहेर येऊन त्याने भुशाला हाक मारली, तर तो निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी भुसा कामावर आला. गवईला वाटलं होतं, येणार नाही. निम्मा कापलेला बुंधा टाकून जाणारा तो माणूस नव्हता. पाचरी तपासून तो खड्ड्यात उतरला आणि त्याने करवतीची खालची मूठ धरली. गवईने वरून काही म्हटलं नाही, खालून काही आलं नाही. हातांना ताल सापडेना. करवत अडली, मोकळी केली, पुन्हा अडली. दुपारपर्यंत दोघांचे खांदे भरून आले आणि फळी मात्र वीतभरच पुढे गेली. शेवटी गवईने करवत सोडली, ओंडक्यावरच बसला आणि खाली वाकून म्हणाला, "शिवी दे मला. पण काहीतरी बोल."

भुसा खड्ड्याच्या भिंतीला टेकला. त्याने फडक्याने तोंड पुसलं, ओठांवरचा भुसा झटकला.

"तू माझ्या चांगल्यासाठीच बोललास," तो म्हणाला. "ते मला कळतं. म्हणून शिवी येत नाही."

"मग खोटं बोललो का मी? तू हुंकार द्यायचास ना?"

"द्यायचो. कधी दम धरायला द्यायचो. कधी तुझ्याबरोबर, चाल चांगली आहे म्हणून. कधी आतल्या आत माझंच काहीतरी म्हणायचो. तोंड बंद असायचं, तुला काय कळणार. मलाही कधी वेगळं करून बघावंसं वाटलं नाही." मग तो म्हणाला, "ते माझं मी खड्ड्यात ठेवलं होतं रे. तू ते वर काढून लोकांपुढे ठेवलंस."

गवई रडला. वर, उन्हात, ओंडक्यावर बसून, एवढा मोठा माणूस. भुसा खाली उभा राहून ते संपायची वाट बघत होता. मग म्हणाला, धर मूठ, लाकूड चिरतंय. दोघांनी ताल नसलेल्या हातांनी तो बुंधा संपवला. कितीतरी दिवस लागले. शेवटची फळी पडल्यावर भुशाने आपली कानस आणि पाचरी फडक्यात बांधल्या. करवत दोघांची होती, ती त्याने गवईच्या घराच्या भिंतीला टेकवून ठेवली आणि येतो असंही न म्हणता गेला.

पोरगी शाळेतून गेली. थोरल्या भावाने घरात बोलणं टाकलं होतं. तोंड बघायला गुरुजी बसवलेल्या शाळेत पोर पाठवलीस तर आमच्या दाराशी येऊ नकोस, असं त्याने सांगितलं होतं. पावसाळा संपायच्या आत भुशाने बिऱ्हाड हलवलं आणि नदीपलीकडच्या एका लाकूडवाल्याकडे काम धरलं. शाळेत पुढे उभं राहायला मास्तरांनी गवईच्या धाकटीला सांगितलं. ती नको म्हणाली, रडली, पण तिची आई म्हणाली की आता आणखी तमाशा नको. सकाळी वाऱ्याची दिशा बरोबर असली की गवईला कामावर तिचा आवाज ऐकू यायचा. तो हातातलं काम ठेवून आत जाऊन बसायचा. वरचा खालच्याशिवाय काय करणार? इकडची तिकडची जळाऊ लाकडं फोडून त्याचे दिवस जात होते.

पण तो स्वस्थ बसला नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणावं लागेल. तो मास्तरांकडे गेला, मास्तरांना घेऊन गिरणीवाल्यांकडे गेला. मी चुकीचं बोललो, भुसा प्रार्थना म्हणत नव्हता, नुसता दम धरत होता, असं त्याने ज्याला त्याला सांगितलं. लोक म्हणाले, तेव्हा एक बोललास आणि आता दुसरं, तुझं खरं कोणतं धरायचं? गिरणीवाल्यांनी चहा दिला आणि विषय बदलला. त्याच तोंडाने आधी जे केलं ते त्याच तोंडाने निस्तरेना. शेवटी शाळा तपासायला आलेल्या साहेबांसमोर मास्तरांनीच धीर करून सगळं मांडलं. साहेबांनी उभ्याउभ्या सांगितलं की सरकारी शाळेत कुठल्याही मुलाला प्रार्थनेची सक्ती करता येत नाही, आणि ही मुलगी आजच्या आज परत यायला हवी. गिरणीवाले मान डोलवून हो म्हणाले. एवढं सोपं होतं ते.

गवईने त्याच पावली नदी ओलांडली. पाणी उतरलेलं होतं, तरी गुडघ्यापर्यंत भिजला. वाटेत त्याने काय बोलायचं ते जुळवलं, पुन्हा मोडलं, आणि कमी बोलायचं असं ठरवलं. लाकूडवाल्याच्या आवारात मागच्या बाजूला खड्डा होता. आधी त्याला भुसा दिसला, आणि तो क्षणभर ओळखूच आला नाही, कारण भुसा ओंडक्यावर उभा होता. अंग स्वच्छ, तोंड उन्हाने काळवंडलेलं. त्याला ओळ सांभाळायची सवय नव्हती, करवत पुढेमागे होत होती. खाली खड्ड्यात त्याची मुलगी होती.

डोक्याला फडकं गुंडाळलं होतं, भुवया पिवळ्या झाल्या होत्या. ती दोन्ही हातांनी मुठीला लोंबकळल्यासारखी ओढत होती, सगळं अंग टाकून, आणि करवत वर जाताना तिच्या टाचा जमिनीवरून उचलल्या जात होत्या.

भुशाने गवईला पाहिलं आणि करवत थांबवली. दुसरा माणूस मिळत नाही इथे, एवढंच तो म्हणाला, कुणी विचारलं नसताना. गवईने साहेबांचं सांगितलं. थोडक्यात सांगितलं, जसं ठरवलं होतं तसं. ओठ हलवायची गरज नाही, टाकीजवळ जायची गरज नाही, मास्तर वाट बघताहेत. भुशाने करवतीची मूठ सोडली.

"तिलाच विचार," तो म्हणाला. "या वेळी मी तिच्या वतीने बोलणार नाही. तूही बोलू नकोस."

पोरगी शिडीने वर आली. खड्ड्याजवळच्या घागरीतून तिने चूळ भरली, थुंकली, पुन्हा भरली. आपले तळहात तिने फ्रॉकला पुसले आणि लगेच मागे लपवले, पण गवईला फोड दिसायचे ते दिसले. त्याने पुन्हा सगळं सांगितलं. तिने मध्ये न बोलता ऐकलं. पूर्वी वर्गात ती अशीच ऐकत असणार.

"मी गप्प उभी राहिले तरी सगळे माझ्या तोंडाकडेच बघतील, काका," ती म्हणाली. "प्रार्थना कुणीच म्हणणार नाही. माझे ओठ हलतात का तेच बघत राहतील. ते मला नको वाटतं."

वसतिगृहाचं काय, असं गवई म्हणणार होता. पण त्यातलं त्याच्या हातात आता काय होतं? त्याने मान खाली घातली. ती शिडीपर्यंत गेली आणि थांबली. पुढे आता कोण उभं राहतं, असं तिने विचारलं.

गवईला खोटं बोलावंसं वाटलं.

"आमची धाकटी," तो म्हणाला.

पोरीने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हेवाही नव्हता, आणि तेच गवईला सहन झालं नाही.

"तिला सांगा, तिसऱ्या ओळीच्या आधी श्वास घ्यायचा," ती म्हणाली. "ती घेत नाही, मग शेवटचा शब्द तिला पुरत नाही. ती ओळ लांब आहे."

मग तिने फडकं तोंडावर ओढून घेतलं आणि खड्ड्यात उतरली.